आतली बाजू

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे,
हे ऑर्डेलनंच मला शिकवलं होतं,
ड्रीमाशी लग्न झालं त्या उन्हाळ्यात.
आता तो मागच्या चाकाखाली ओंडका सरकवतो
आणि विचारतो, "कुठल्या बाजूला फिरवतोयस?"
जसं काही एकोणीस वर्षांत
मी एकही चाक काढलं नाही.

लग्न मोडून चार वर्षं झाली.
बायको सुटली तर तिच्या बापाला काय म्हणायचं,
याला वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात शब्द नाही.
मी नुसतं ऑर्डेल म्हणतो.

मंगळवारी ओहायोहून ड्रीमाचा फोन आला होता.
"ट्रक दुरुस्तीपलीकडे गेलाय म्हणून सांग त्यांना.
तू सांगितलंस तर ऐकतील.
डावा डोळा गेल्यातच जमा आहे."
मी हो म्हणालो नाही.
नाहीही म्हणालो नाही.
शनिवारी दोन रोटर घेतले, पॅडचा एक खोका,
आणि पेपरोनी भरलेले चार पाव.

चाक निघालं. बाहेरचं पॅड पाहून तो म्हणाला,
"बघ, अजून अर्धं शिल्लक आहे."
होतंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं,
वर्षभर सहज निघेल.
मग कॅलिपर उचलला
आणि आतलं पॅड हातात आलं:
नुसता पत्रा, घासून आरसा झालेला.
पिन गंजून जागीच बसली होती,
सगळं ओझं आतल्या बाजूनं ओढलं,
किती महिने, कोण जाणे.
ऑर्डेलनं पत्रा अंगठ्यानं चाचपला,
उजव्या डोळ्याजवळ नेला,
खिशात टाकला.

कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही.
मी तार शोधत होतो तोवर तो घरातून
तारेचा हँगर वाकवत आला;
त्यावर अजून चिठ्ठी होती, शाळेच्या बँडच्या गणवेशाची,
ड्रीमाच्या अक्षरात.
चिठ्ठी त्यानं काढली नाही. मीही नाही.

जुना रोटर हलेना.
तेल मारलं, थांबलो, पाव खाल्ले, पुन्हा तेल,
मग मोठा हातोडा.
पलीकडच्या घळीतली कुत्री भुंकायला लागली.
सतराव्या का अठराव्या घावाला तो सुटला
आणि ऑर्डेल कवळी न लावलेल्या तोंडानं हसला.

पिस्टन मागे दाबताना टाकीतलं तेल वर चढतं.
"काठाला आलं की सांग," म्हणून त्याला तिथं उभं केलं.
तो वाकून बघत राहिला.
तेल काठावरून फेंडरवर ओघळलं,
तो अजून बघतच होता.
ब्रेकचं तेल रंग खातं.
मी पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं,
म्हणालो, "चुकलं माझं, जास्त दाबला."

दुसरी बाजू तासाभरात झाली.

नव्या ब्रेकचं पेडल आधी थेट तळाला जातं.
पाय मारत राहायचं,
खालून काहीतरी उलटून उभं राहीपर्यंत.
मग रस्त्यावर मुरवायचे:
तीसवरून पाचवर, पुन्हा तीस, पुन्हा पाच,
पूर्ण कुठेच थांबायचं नाही.
किल्ली त्यानं दिली नाही, मी मागितली नाही.
बाजूला बसलो आणि मोजत गेलो.

आठव्या खेपेला, चर्चच्या वळणावर,
डावीकडून हरीण आलं.
"ऑर्डेल!"

ट्रक नाक खुपसून उभा राहिला.
हरणानं आमच्याकडे पाहिलं,
मग सावकाश झाडीत गेलं.
नव्या पॅडचा करपट वास काचेतून आत आला.
"लागतात चांगले," तो म्हणाला.
"पूर्ण थांबायचं नव्हतं."
"हो. विसरलोच."
परत येताना दोघंही बोललो नाही,
आणि तो पंधराच्या वर गेला नाही.

रात्री फोनवर ड्रीमाचं नाव उजळलं.
नखांतलं काळं निघालं नव्हतं.
ब्रेक बसवले, हे सांगायचं
की लागले, हे?
उचलण्याआधी जॅकेट खुंटीला टांगायला गेलो
तर एक बाजू जड लागली.
खिशात तो पत्रा होता.
त्यानं केव्हा टाकला, कळलं नाही.