काचेवरचं नाव

पीतेओच्या दवाखान्यात फेब्रुवारीत
दुपारी दोनलाच दिवे लागतात.
रॅग्नहिल्ड कोट काढत नाही,
गळ्याचं बटण तेवढं सोडते.
हेरिंगची जाळी विणून बोटं राठ झालेली.
"ही सुई? माझी तर वीतभर असते, लाकडाची."

"आता गिळू नका," डॉक्टर हॉल्गेर म्हणतात.
ती आवंढा अडवून धरते.
सुई आत, पुढं-मागं, पुढं-मागं,
अंधारात कुणी कुलूप चाचपावं तशी.

थेंब काचेवर येतो. पसरायचं काम माझं.
कोपऱ्यात पेन्सिलीनं नाव,
हवेत हलवून वाळवणं,
जांभळा रंग, नळाचं पाणी.

शितावरून भाताची परीक्षा, खरं आहे.
पण शीतच हाती लागलं नाही तर?
पहिल्या काचेवर नुसतं रक्त.

मग तिनंच डॉक्टरांचं बोट धरलं,
स्वतःच्या गळ्यावर नेऊन टेकवलं.
"इथं. गाठ कुठं बसते ते मला विचारा,
चाळीस वर्षं तोच धंदा आहे माझा."

दुसऱ्या काचेवर पेशी होत्या.
खूप. एकमेकींवर चढलेल्या,
केंद्रकं फुगलेली, कडा वेड्यावाकड्या.
हॉल्गेर भिंगावरून डोळा काढत नाहीत,
नळ ठिबकतो, मी तो बंद करत नाही.

बाहेर बाकावर ती
पट्टीच्या उरलेल्या दोऱ्याला गाठ मारते,
सोडवते,
परत मारते.

मी काच डबीत ठेवते.
रंगात तिच्या नावाचं एक अक्षर पुसट झालंय,
ते गिरवून घेते.