निळ्या पाण्यातलं कासव

दर मंगळवारी संध्याकाळी, शेफिल्डमध्ये,
जिथे पूर्वी चाकू-सुऱ्यांना धार लागायची
त्या कारखान्याच्या माडीवर
आम्ही सहा जण रोबॉट करायला शिकतो.
भाडं माणशी दोन पौंड, बिस्किटं त्यातच.
सॉफ्टवेअर फुकट.

फुकट म्हटलं की माझी मान आपोआप वळते.
बावीस वर्षं बस चालवली या चढउतारांवर;
फुकट्यांना उतरवणं हाही नोकरीचाच भाग.

होदान हसली. वय चौदा, दातांना तार,
आजी तिची हर्गेसाहून आलेली.
म्हणाली, मिस्टर डी
(डोईफोडे तिला जमत नाही, मीही आग्रह धरत नाही),
फुकट नाही हो, उघडं.
झाकण काढा, आत बघा, हवं ते बदला,
फक्त पुढच्यासाठी झाकण पुन्हा लावू नका.

आमच्या वेशीवर पाणपोई होती.
रांजण कुणाचे, भरतं कोण,
विचारायची पद्धत नव्हती.
ओगराळं साखळीला बांधलेलं,
एवढाच काय तो अविश्वास.

बसवण्यातच तीन मंगळवार गेले.
पडद्यावर नवी खिडकी उघडली
की तीच एक ओळ पुन्हा टाइप करायची,
नाहीतर यंत्र ओळख देत नाही,
लग्नात दर वेळी
"हा कुणाचा?" विचारणाऱ्या थोरल्या मामांसारखं.

चौथ्या मंगळवारी निळं पाणी आलं
आणि मधोमध एक कासव.

गावी महादेवासमोर दगडाचं कासव होतं,
हात लागून लागून गुळगुळीत.
ते जागचं हललं नाही; न हलणं हेच त्याचं काम.
हे मात्र कळ दाबताच निघालं,
मागे रेघ ओढत सरळ गेलं
आणि कडेला डोकं टेकून उभं राहिलं.
मला उगाचच वाईट वाटलं.

मग आतली गंमत कळली:
इथे कुणी कुणाच्या कानात सांगत नाही.
एक जण नुसती दवंडी देतो,
डावं चाक इतकं फिरलं होऽऽ,
ज्याला गरज तो कान देतो.
ऐकणारं कुणी नसलं तरी दवंडी चालूच.
शेवटच्या फेरीला, रिकाम्या बसमध्ये
मीसुद्धा पुढचा थांबा मोठ्याने सांगायचो.
कुणाला, ते ठाऊक नाही.

खरा गाडा मे महिन्यात झाला:
आइस्क्रीमचा डबा, दोन मोटारी,
मागे मोडक्या खुर्चीचं एक चाक.
पुढे जा म्हटलं, जागच्या जागी गरगरला.
पुस्तिका पाहिली. सगळं बरोबर.
पुन्हा पाहिली. होदानने पाहिली.
बिस्किटं संपली.
वेंडीने कुलपाच्या किल्ल्या वाजवल्या
तेव्हा कुठे मी त्याला उताणा केला,
डेपोत बसखाली शिरायचो तसं वाकून पाहिलं:
मोटारी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या;
एकीचं पुढे ते दुसरीचं मागे.

हात्तिच्या.
पण हे पुस्तिकेत नव्हतं.

लिहा मग, होदान म्हणाली.
कुणी?
तुम्ही.
माझं इंग्रजी तिकिटाच्या मागे मावेल एवढं.
एक ओळ लिहिली, चारदा खोडली,
डोळे मिटून पाठवली.

नऊ दिवसांनी कुठल्याशा देशातून
तीन अक्षरी नावाच्या कुणीतरी
एक स्वल्पविराम सरकवून
ती ओळ ठेवून घेतली.
कोण, कुठला,
विचारायची पद्धत नाही.

आज घरी येताना गाडा पिशवीत होता,
बॅटरी काढायची राहून गेलेली.
बस चढाला लागली
आणि मांडीवर चाकं फिरू लागली, घर्र घर्र.
ड्रायव्हरने आरशातून पाहिलं,
नवा दिसतो पोरगा.
मी पिशवीवर हात ठेवला
आणि पुढचा थांबा
हळूच पुकारला.