डीपची वही

सेलूत आधी नारळ फुटला.
शकीलाबीच्या बोअरच्या बादलीवर कुणी काडी धरली
आणि पाणी पेटलं, निळं, क्षणभर.
गल्लीत बोभाटा: तेल लागलं, तेल!
कुणी हळद वाहिली, कुणी जागेचा भाव विचारून गेलं.
शकीलाबी एवढंच म्हणाली,
"लागू द्या की तेल. पण डाळीला वास यायलाय त्याचं काय?"

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो: मी, ड्रायव्हर,
थर्मोकोलचा डबा,
सोडावाल्याकडून उधार आणलेला बर्फ.
बाटली काठोकाठ भरायची असते,
झाकणाखाली हवेचा एक बुडबुडाही चालत नाही;
जे शोधायचं ते हवेचीच वाट बघत असतं,
निसटायला.

नऊ बोअर, दोन आड.
प्रयोगशाळेच्या आधी मी नाकानंच नकाशा काढला.
शाळेमागे काही नाही.
गिरणीपाशी पुसट.
शकीलाबीकडे डोळे चुरचुरतील इतकं.
खालचा दगड काळा, भेगाळ,
त्याच्या भेगा कुणाच्या रानातून कुणाच्या रानात जातात
ते सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं.
पाणी मात्र उतार ओळखतं. उतार दुधनेकडे.
मी उलटी निघाले, चढानं,
आणि चढाच्या टोकाला पंप होता,
चार टाक्या जमिनीत पुरलेल्या,
माझ्या जन्माआधी.

मालक सभ्य. खुर्ची दिली, लिंबू सरबत दिलं.
(ते मी प्यायले नाही. पाणी कुठलं, विचारायचं राहून गेलं.)
म्हणाले, गॅरेजवाले ऑइल गटारात ओततात मॅडम, त्यांना विचारा.
रजिस्टर चोख.
इतकं चोख, की वर्षाचं वर्ष
एकाच बैठकीत, एकाच पेनानं लिहिल्यासारखं.

मग मुंजाजी भेटला.
एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला
पितळी गज टाकीत सोडणारा,
ओल कुठवर चढली ते वाचणारा.
घरी त्याची स्वतःची वही होती,
मुलीच्या भूगोलाच्या वहीची उरलेली पानं.
काल एवढं, विकलं एवढं, आज एवढं.
शेवटच्या रकान्यात लाल शाईनं: कमी.
सहा लिटर. नऊ. सात. सात.
"मालक म्हणायचे, ऊन खातंय.
मी म्हणलो, असंल.
पण पुसाच्या थंडीत बी ऊन एवढं खातं का,
म्हणून लिहून ठेवलं."
वही पुढे केली, मागे ओढली.
"दोन महिन्यांचा पगार अडकलाय अजून."
मग पुन्हा पुढे केली,
आणि मी घेईपर्यंत दुसरीकडे बघत राहिला.

मोबाइलवर गुणाकार केला.
आठ वर्षांची वही: वीस हजार लिटरच्या वर,
थेंबाथेंबानं दगडाला पाजलेलं.

त्याचं घर शकीलाबीच्याही खालच्या अंगाला.
जाताजाता त्याच्या बोअरचीही बाटली भरली.
माझं डोकं गरगरलं.
त्यानं तांब्या नाकाशी धरला,
बराच वेळ धरला.
"खरंच येतो का हो वास?
मला तर नुसतं पाणीच वाटायलंय."
आतून त्याच्या बायकोनं सांगितलं,
यांना मोगऱ्याचा बी येत नाही, लग्नानंतर दोन-चार वर्षांतच गेला.

अहवाल गेला. बोअरला लाल रंगाची फुली मारली.
गल्लीत आता टँकर येतो,
येताना डिझेल भरून येतो,
त्याच पंपावर.

टाकी उकरायचा आदेश अजून टेबलावर आहे,
कुणाच्या, ते दर आठवड्याला बदलतं.
सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजतो.
मुंजाजी नाव सांगत नाही, नमस्कारही नाही.
म्हणतो, "आज आठ,"
आणि ठेवून देतो.