डावीकडे पाहा

शरयूच्या गुडघ्यांत गेले नॉर्वेचे पैसे.
दोन्ही नवे बसले, बिल भरलं,
आणि ट्रॅव्हल कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक
फ्रिजवर राहिलं आठ महिने,
गॅसच्या पुस्तकाखाली.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
पासपोर्टांना आकडे टाकले, लोकांच्या.
सुईच्या टोकाएवढ्या भोकांचे आकडे,
उजेडात धरले की दिसणारे.
स्वतःचा काढला निवृत्तीनंतर.
त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

म्हणून तिच्या एकसष्टीला, जानेवारीत,
सावरगावच्या काठावर
हिरामण बेंडकोळीची होडी घेतली दिवसभरासाठी.
मासे धरायची होडी. जाळ्याचा वास तसाच.
"दिवसभर?" त्याने दोनदा विचारलं.
"आन् मासं न्हाई धरायचं?"
नाही. नुसतं हिंडायचं.
तो जरा थांबला,
मग घरातून गोधडी आणून फळीवर टाकली.

निफाडला पारा चारवर, असं पेपरात होतं.
धरणावर धुकं, अंजनेरी अर्धीच दिसत होती.
मी मफलर सैल केला, पत्रक उघडलं, खाकरलो:
"सुप्रभात. आपण फ्योर्डच्या मुखाशी आहोत.
लाखो वर्षं हिमनदीने कोरलेली ही दरी..."
"ही सायबानं कोरली," हिरामण म्हणाला,
"नकाशावर. निळ्या पेन्शिलीनं."

शरयू हसली. मला तेवढंच हवं होतं.

"डावीकडे पाहा. सात बहिणींचा धबधबा."
डावीकडे उघडा खडक,
त्यावर गेल्या श्रावणाचे पांढुरके ओघळ.
शरयूने बोटाने मोजले. पाचच भरले.
"साती आसरा म्हना की," हिरामण म्हणाला,
"दोघी पान्यात असतील."
त्याने वल्हं मांडीवर ठेवून हात जोडले.
मग आम्हीही.

दुपारी भाकरी, ठेचा, हरभऱ्याचे सोलाणे.
पत्रकात धुरावलेला साल्मन होता.
हिरामणने फडक्यातून चुलीवर भाजलेली मरळ काढली
आणि न विचारता तिचे तीन वाटे केले.
काठावर चक्रवाकांची जोडी उभी होती,
उत्तरेकडून आलेली.
"ह्यांना कुणी आकडे टाकले?" शरयूने मला विचारलं.

पुढे एका वळणावर मी वाचत होतो:
"वर कड्यावर जुनी शेतघरं दिसतील,
माणसं सोडून गेलेली..."
हिरामणने होडी थांबवली.
"हितं," तो म्हणाला,
आणि बोट वर नाही, खाली केलं.
"हितं आमचं घर व्हतं. बाप दावायचा.
ह्यो थोरला आंबा,
शेंड्यावरनं चाललोय आपन."

मी पत्रक मिटलं.
शरयू होडीची कड धरून वाकली.
हिरवं पाणी, त्यात तिचा स्वेटर.
बऱ्याच वेळाने तिने विचारलं,
"गोड होता?"
"आंबट. लोनच्याचा."

मग तोच सांगत गेला.
डावीकडं विहीर. हितं उतार, बैलं घसरायची.
उजवीकडं शाळा, एकच वर्ग,
बाप तिसरीत असताना पानी आलं.
तो दाखवी तिथे नुसतं पाणी होतं
आणि आम्ही दोघं मान वळवत होतो,
इकडे, तिकडे,
पैसे भरून आलेल्या माणसांसारखे.

उतरताना त्याने ठरल्यापेक्षा शंभर कमी घेतले.
"मासं कुठं धरलं," म्हणाला.

घरी आलो तेव्हा चपला ओल्या.
खालच्या साबदेबाई दारातच होत्या:
"कुठे होतात दिवसभर?"
"नॉर्वेला," शरयू म्हणाली.
"अगंबाई! थंडी असेल."
"होती. चारनंतर जास्त."
आणि ती जिना चढू लागली,
कठडा न धरता,
नवव्या पायरीपर्यंत.