उतारा क्रमांक चार

झुगदिदीच्या शिकवणीत त्सियाला बाई बजावतात:
उताऱ्यात नाही ते उत्तरात आणायचं नाही.
'नेहमी', 'कधीच नाही' असले पर्याय आधी खोडा.
'कदाचित' दिसलं की थांबा.

हिमनदीवर काम करणारा कुणी शास्त्रज्ञ लिहितो,
"आकडे अजून अपुरे आहेत."
यावरून त्याच्या मताविषयी काय अनुमान निघतं?
अ) तो निराश आहे. ब) तो बेफिकीर आहे.
क) तो सावध आहे. ड) त्याला मतच नाही.

नातेला पेन्सिलीचं टोक चावते.

तिचा बाप बाद्री वीस उन्हाळे झाले
मेस्तियाच्या वर, बर्फात मोजणीचे खांब रोवायला जातो.
परवा उतरला. बूट चुलीशी सुकत ठेवले.
"सातवा खांब आडवा मिळाला," म्हणाला.
बस, तेवढंच.
मग पाव कापत बसला, कापतच बसला,
इतक्या पातळ फोडी
की शेवटी आईने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

बाई घड्याळ बघतात. एक मिनिट.

नातेला 'क' ला गोल करते.
बरोबर. दोन गुण.

त्या शास्त्रज्ञाच्या घरी
सुरी कोण काढून घेतं,
उताऱ्यात दिलेलं नाही.