हाताला सोसलं म्हणून

पंचवीस वर्षं उद्यमबागेत लोखंड ओततोय.
चौदाशेच्या खाली बोललेलं मला ऐकू येत नाही.
आणि हा इनास अंकल, कँपातला,
बोटीवर स्वयंपाकी होता, आता गुडघे धरून व्हरांड्यात बसतो,
तो म्हणतो : सदुसष्ट.
तासभर सदुसष्ट. पंचाहत्तर झालं की गेलं.
मी म्हटलं, अंकल, आमच्या खात्यात
सदुसष्टला हात धुतात.
तो हसला नाही.

रविवार पेठेत जव मागितला तर
महांतेशचा पोरगा विचारतो, पूजेला की आजाऱ्याला?
दोन्ही नव्हे. सहा किलो दे.

भिजवला, गोणपाटावर पसरला, रात्रीतनं उठून उलथला.
सुगंधा म्हणाली, नाचणीला मोड आणतो तसंच की हे,
एवढं काय मिरवूलास?
गच्चीवर वाळत घातला.
सकाळी धुकं, दुपारी ऊन, चिमण्यांनी आपला वाटा उचलला.
मूठभर तव्यावर करपवला, रंगापुरता.
हॉप्स पार्सलनं आले :
हिरव्या गोळ्या, शेळीच्या लेंड्यांएवढ्या,
वास मात्र आंब्याच्या देठाचा, चिकाचा.

पहिल्या खेपेला
उकळून उतरवलं, झाकलं, आणि दम निघेना.
बोट बुडवून बघितलं.
सोसलं.
म्हणजे निवलं, असं धरलं
आणि यीस्टची पुडी फाडून ओतली.

बोट कुणाचं, हे ध्यानात आलं नाही.

तीन दिवस बादली गप्प.
झाकणातल्या नळीत पाणी तसंच, आरशासारखं.
कामावरून आलो की कान लावायचा,
जेवलो की कान लावायचा.
चौथ्या दिवशी शेजारची नीलव्वा ताक द्यायला आली,
वाकून वास घेतला, म्हणाली, हेप्पु सत्तैती.
विरजण मेलं.
कढत दुधात कोण विरजण घालतं ओ?

वीस लिटर मोरीत ओतलं.
अख्ख्या गल्लीला दोन दिवस बेकरीचा वास.

मग अडिवेप्पानं दुसरी पाळी सुटल्यावर
तांब्याची नळी पायपावर गुंडाळून वेटोळं करून दिलं.
पैसे घेतले नाहीत. पहिली बाटली माझी, म्हणाला.
त्यातनं विहिरीचं पाणी सोडलं,
पहिलं आलं ते चहा करण्याजोगं, मग कोमट,
मग आपलं नेहमीचं, दात शिवशिवणारं.
हात खिशात ठेवले.
काचेच्या नळीतली लाल रेघ बावीसवर आली
तेव्हा पुडी फाडली, हळू,
झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण टाकावं तशी.

रात्री दोन-चाळीसला
बुडुक.

उठून बसलो.
सुगंधा कूस वळून म्हणाली, पाल असेल.
बुडुक.

लोखंडात एवढासा बुडबुडा राहिला
तर पेटी परत येते.
लाल शेरा, साहेबाचा फोन,
सगळ्यांसमोर करवतीनं कापून दाखवतात पोटातलं भोक.
बुडबुडे हाकलण्याचाच तर मला पगार.
आणि आता अंधारात, फरशीवर मांडी घालून
एक झाल्यावर दुसऱ्याची वाट बघत बसलेलो.
बावीस सेकंद. मग एकवीस.
मोजत मोजत कधीतरी उजाडलं.

बाटल्या भरताना साखर थोडी हात सैल सोडून पडली.
एक फुटली, तूरडाळीच्या डब्यामागं.
सुगंधा ते अजून बोलते, बोलू दे.

इनास अंकलनं ग्लास उजेडात धरला,
गढूळ होतं.
घोट घेऊन बराच वेळ तोंडात ठेवला.
पाव, म्हणाला.
चांगलं की वाईट?
पाव रे. पाव.
आणि ग्लास पुढं केला.

तिसरी बादली कालच लावली.
झाकणावर खडूनं, खात्यात लिहितो तसं,
हीट नंबर तीन, तारीख, बावीस.
खाली बारीक अक्षरात, फक्त मला वाचता यावं असं :
बोट घालायचं नाही.