गोळीचं घर

एस्थर नवगावकर रास्ता पेठेतून रिक्षानं आली,
मांडीवर आडवी, सोलापुरी चादरीत गुंडाळलेली.
रिक्षावाल्यानं विचारलं म्हणे, सतार का?
ती हो म्हणाली.

आजोबांची बंदूक. हवालदार सॅम्सन नवगावकर.
गेल्या चाळीस वर्षांत हिचा प्रवास एवढाच:
निवडणूक लागली की चौकीत जमा,
गळ्यात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी,
निकाल लागला की परत कपाटामागं.
"एकदा उडवायचीय," ती म्हणाली.
"परवाना माझ्या नावावर आहे,
आणि मला बहात्तरावं चालू आहे."

मी कडी खाली ओढली. ठोकळा पडला
मास्तरांनी हजेरीची वही मिटावी तसा.
नळीला डोळा लावला.
सात आटे, शाबूत, उजेडाकडे वळत गेलेले.
पण मागं, जिथं गोळी बसते, ते घर
गंजानं खाल्लेलं,
आणि त्या घरात मावणारं काडतूस
आता कुठंच होत नाही.
खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मी काडतुसंच केली;
ही जात माझ्या आधीच बंद पडलेली.

एका वेळी एकच गोळी.
भरा, उडवा, काढा, पुन्हा भरा.
मधल्या वेळात माणूस काय विचार करत असेल?

जुनं घर कोरून रुंद केलं,
त्यात पोलादाचं नवं घर बसवलं, धाकटं.
लेथवर रोज केसभर, जास्त नाही.
पितळेसाठी तांबट आळीत गेलो.
वडके म्हणाला, "हे कसलं भांडं? चहासुद्धा मावायचा नाही."
तरी तापवून मऊ करून दिलं,
दिवा मालवून,
कारण पितळेची लाली अंधारातच खरी कळते.

पहिला बार टायरला बांधून.
आम्ही भिंतीआड, माझ्या हातात दोरी.
रेंजवरच्या टिटव्या उठल्या, ओरडत राहिल्या.
माझ्या डाव्या कानाला ते ऐकू येत नाही,
तो कान खडकीतच राहिला.
बंदूक आख्खी होती.

मग तिनं चष्मा पुसला, दस्ता खांद्याला लावला.
मी म्हणालो, घट्ट धरा, लाथ मारते.
"आजोबापण मारायचे," ती म्हणाली, आणि चाप ओढला.

पांढरा धूर, कुजक्या अंड्यासारखा वास.
गोळी कागदाला लागली नाही.
मागच्या मुरमाच्या ढिगात कुठंतरी
एवढीशी धूळ उठली आणि बसली.

मी काडतूस ओढून काढलं, अजून गरम.
बारानं पितळ फुगतं, घराच्या भिंतींना चिकटतं,
बाहेर येतं ते घराचा साचा होऊन.
आणि त्यावर, तोंडापाशी, एक बारीक कडं.
हत्यार त्या दिवशी थरथरलं होतं. हत्यार नाही, हात.
पुसता आलं असतं.
आत कोण बघतंय, म्हणून सोडलं.

तिनं ते नखानं चाचपलं.
"हे काय?"
"घराचं आहे," मी म्हणालो.
तिनं काडतूस पर्समध्ये टाकलं, चिल्लरीच्या कप्प्यात.

परतताना विचारलं, आता पुढं?
"फेब्रुवारीत महापालिकेची," ती म्हणाली,
"सुतळी आहे घरी."